न्यूबर्ग ते बीकन: कायाक तुकडीच्या नोंदी

9 मार्च

कामाची चौकट. दरवर्षीच्या सामूहिक पोहण्याला कायाकमधून (अरुंद, वल्हवायची होडी) सोबत करायची. पोहणाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गच्या काठावरून हडसन नदीत उतरायचं आणि समोर पूर्वेला, बीकनच्या पीट अँड टोशी सीगर रिव्हरफ्रंट पार्कच्या काठाला लागायचं. अंतर सुमारे एक मैल. 2004 पासून हे पोहणं चालत आलंय. जमणारा पैसा बीकनच्या काठाशी तरंगणाऱ्या ‘रिव्हर पूल’ला जातो. 2007 मध्ये सुरू झालेलं ते 20 फूट व्यासाचं कडं आहे, तळाला जाळी, आत नदीचंच पाणी, पोहायला पैसे नाहीत. शर्यत नसल्यामुळे वेगात पोहणाऱ्यांपेक्षा दमत, थांबत, पाठीवर पडत जाणारेच आपलं मुख्य गिऱ्हाईक.

कोस्ट गार्डच्या परवानगीचा अर्ज नियमाप्रमाणे 135 दिवस आधी. दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने होणाऱ्या कार्यक्रमाला 60 दिवस चालतात. तरी कायाकचा आराखडा अर्जासोबतच लागतो, म्हणून आतापासून बसलेलं बरं.

गृहीत: 200 पोहणारे, 40 कायाक, 4 मोटारबोटी. पाच जणांमागे एक कायाक हा आकडा कागदावर ऐसपैस वाटतो. पाण्यावर तसा राहत नाही. कारण खाली 17 मेच्या नोंदीत.

26 एप्रिल

वेळ ठरवण्याचं काम. नदी म्हणायची, पण वर ट्रॉयच्या धरणापर्यंत हिच्यात भरती-ओहोटी चालते. न्यूबर्गपाशी पाण्याची उंची जेमतेम तीन फुटांनी वरखाली होते, त्यामुळे काठावरून बघणाऱ्याला काही चाललंय असं वाटतच नाही. पात्राच्या मध्यात मात्र कमाल ओढ एक नॉटच्या आसपास. एक नॉट म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, आणि 75 मिनिटांत मैल पोहणाऱ्याचा वेग सेकंदाला 0.36 मीटर. म्हणजे पूर्ण ओढीत तो जेवढा पुढे जाईल त्याहून जास्त आडवा वाहील.

दर वर्षी कुणीतरी नवा हमखास करतो ती चूक: भरती-ओहोटीच्या तक्त्यातली ‘नीच पाण्या’ची वेळ बघून तीच पाणी थांबण्याची वेळ धरतो. इथे पाणी सगळ्यात खाली गेल्यावरही तासाहून जास्त वेळ दक्षिणेकडेच वाहत राहतं, मग थांबतं, मग उत्तरेला फिरतं. उंचीचा तक्ता वेगळा, प्रवाहाचा वेगळा. आपल्याला प्रवाहाचा हवा.

कोकणातला ‘तिथी गुणिले पाऊण’ हा हिशेब ज्यांच्या डोक्यात पक्का आहे त्यांच्यासाठी: इथल्या वेळा इथल्याच तक्त्यावरून घ्यायच्या, पण रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकणं तेच. एका ठिकाणी एका तिथीला पाणी थांबण्याची घड्याळी वेळही साधारण तीच येते. म्हणून भांगाचं (अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीचं) संथ पाणी आणि सकाळी दहाची वेळ असं दोन्ही हवं म्हटलं तर ते इथे जुळत नाही. वेळ धरली, भांग सोडला.

25 जुलै: मध्यपात्रात ओहोटी संपून पाणी थांबेल सुमारे 10:20 ला. पावसामुळे दुसऱ्या दिवशी ढकललं तर 11:10.

थांबण्याच्या आगेमागे किती वेळ मिळतो? कमाल ओढ एक नॉट धरली तर अर्ध्या तासाच्या अंतरावर पाव नॉट, एक तासाच्या अंतरावर जवळजवळ अर्धा नॉट. वापरता येण्याजोगी खिडकी 10:20 च्या अलीकडे-पलीकडे 40 मिनिटं. त्यात शेवटचा माणूस काठाला लागला पाहिजे.

17 मे

कोण आधी सुटणार यावर दोन मतं होती. सवय अशी की वेगवान गट आधी सोडायचा, म्हणजे मागच्यांना अडथळा नको. आकडे मांडल्यावर वाद मिटला.

तीन गट, 10 मिनिटांच्या अंतराने. वेगवान 28 मिनिटं घेतात, मधले 50, संथ 75. वेगवान आधी सोडले तर 28 व्या मिनिटाला पहिला माणूस बीकनला उभा असतो आणि संथ गट न्यूबर्गपासून 170 मीटरवर. तांडा 1400 मीटरहून लांब. दोन्ही बाजूंना मिळून 36 कायाक लावले तरी एकेका बाजूला दोन कायाकमध्ये 80 मीटर. एवढ्या अंतरावरून लाटेत टोपी दिसत नाही. सगळं आटपायला 95 मिनिटं.

संथ आधी सोडले तर पहिला वेगवान माणूस 48 व्या मिनिटाला पोहोचतो, तेव्हा संथ गट 1020 मीटरवर असतो. तांडा 580 मीटर, कायाकमधलं अंतर 30-35 मीटर. शेवटचा माणूस 75 व्या मिनिटाला बाहेर. कायाक तेवढेच, पण पहारा दुपटीहून दाट. तोटा एकच: मधोमध वेगवान लोक संथांच्या अंगावरून जातात. त्यासाठी वेगवान गटाला उत्तरेकडून 20 मीटर बाजूने जायला सांगायचं आणि त्यांच्या पुढे झेंड्याचा एक कायाक द्यायचा.

पहिला गट 9:45 ला पाण्यात.

31 मे

होड्यांची तपासणी. पुढे-मागे बंद कप्पे असलेले 14 ते 17 फुटी सागरी कायाक दोन्ही रांगांना. उघड्या बैठकीचे रुंद कायाक शेपटाला. पोहणाऱ्याला वर ओढून घ्यायची वेळ आली तर तेच उपयोगी. बाजारात सर्रास मिळणारे 9-10 फुटी, आत कप्पा नसलेले कायाक परत पाठवले. असा कायाक एकदा पालथा झाला की न्हाणीघरातल्या टबासारखा पाण्याने भरतो आणि रिकामा करायला दुसरे दोघं गुंततात. मदतीला आलेल्यालाच मदत द्यावी लागली तर रांगेत तिघांची जागा मोकळी पडते.

एका कायाकच्या मागच्या कप्प्यात दहा मिनिटांत तांब्याभर पाणी. झाकणाचं रबर ठीक होतं. सुकाणूची दोरी जिथून कवचात शिरते त्या भोकातून गळती. सीलंट भरून दोन दिवस सुकवत ठेवला.

प्रत्येकाकडे: अंगावर बंद केलेलं लाइफ जॅकेट (मागे बांधून ठेवलेलं नव्हे), विना-मण्याची शिट्टी, पाणी उपसायचा हातपंप, पोहणाऱ्याला देण्यासाठी फोमची लांब नळी, दीड मीटर काठीवर नारिंगी झेंडा, दोन लिटर पाणी, जादा टोपी. ओढायची दोरी 15 मीटर, कमरेच्या पट्ट्यातून एका झटक्यात सुटणारी. अशा दोऱ्या दहाच जणांकडे. ज्याने सराव केला नाही त्याच्याकडे दोरी नसलेलीच बरी.

7 जून

प्रवाह मोजला. साधन: 24 संत्री. संत्रं पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही, रंग लांबून दिसतो, आणि हरवलं तरी नदीत कचरा होत नाही. न्यूबर्गपासून बीकनपर्यंत सहा ठिकाणी कायाक उभे करून दर 15 मिनिटांनी एकेक संत्रं सोडलं, पाच मिनिटं त्याच्यासोबत वाहत जाऊन जीपीएसवर अंतर घेतलं.

निष्कर्ष महत्त्वाचा. सगळी नदी एकाच वेळी फिरत नाही. दोन्ही काठांच्या उथळ भागात पाणी आधी फिरलं, मध्यातलं त्यानंतर सुमारे 35 मिनिटांनी. एक वेळ अशी होती की बीकनजवळचं संत्रं न्यूबर्ग-बीकन पुलाच्या दिशेने उत्तरेला चाललंय आणि मधलं अजून दक्षिणेला. पुलाच्या खांबांकडे बघून ‘पाणी थांबलं’ म्हणणाऱ्याला अर्धीच नदी कळलेली असते.

पोहणाऱ्यासाठी याचा अर्थ: मध्यात थोडा दक्षिणेला सरकेल, शेवटच्या 300 मीटरमध्ये उत्तरेला ओढला जाईल. एकमेकांची भरपाई होते, पण पूर्ण नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात रांगेची जड बाजू उत्तर.

14 जून

रांगेचा सराव, 22 कायाक, 15 पोहणारे. ठरवलेलं असं: ओहोटी शिल्लक आहे तोवर दक्षिणेला जास्त कायाक, पाणी फिरलं की उत्तरेला जास्त. पोहणारे ज्या बाजूला वाहतात त्या बाजूला माणसं हवीत, हे साधं आहे. बिघडलं ते बाजू बदलताना. सहा कायाक एकदम तांड्यातून आडवे घुसले. एका पोहणाऱ्याच्या डोक्याला वल्ह्याचं पातं घासून गेलं; लागलं नाही, पण लागलं असतं.

दुरुस्ती: दोन्ही रांगा कायम, प्रत्येकी 14. शेपटाच्या मागे सहा ‘मोकळे’ कायाक. बाजू बदलायची ती त्यांनीच, शेवटच्या माणसाच्या मागून वळसा घालून. पोहणाऱ्यांमधून कुणीही आडवं जायचं नाही. उरलेले सहा: दोन झेंड्याचे, चार शेपटाचे. बेरीज 40.

दुसरं कायमचं दुखणं: कायाकवाले पुढे पळतात. कायाक माणसापेक्षा तिप्पट वेगाने जातो आणि हळू वल्हवणं अवघड जातं, मग नकळत सगळे पुढच्या तीस जणांभोवती गोळा होतात आणि शेपूट उघडं पडतं. प्रत्येकाला रांगेतला क्रमांक दिला: तुझ्या पुढचा कायाक आणि मागचा कायाक दोन्ही दिसले पाहिजेत, मागचा दिसेना तर थांब. कायाकचं नाक काठाकडे नाही, पोहणाऱ्यांकडे तिरकं ठेवायचं. नाक काठाकडे असलं की हात आपोआप चालू लागतात.

21 जून

दमलेल्या माणसाला धरणं. क्रम पाठ करून घेतला.

एक: तीन मीटरवर थांबून बोला. उत्तर स्पष्ट आलं तर तो दमलाय. उत्तर नाही, डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात बाजूला पाणी दाबताहेत, तर तो बुडतोय. लगेच शिट्टी, वल्हं उभं धरून हलवा, मोटारबोट बोलवा आणि फोमची नळी त्याच्या हातात जाईल अशी ढकला.

दोन: दमलेल्याने कायाकचं नाक धरायचं. बाजू धरली की कायाक त्याच्या अंगावर कलतो. ‘नाकाला धर, बाजूला नको’ हे वाक्य ओरडूनच सांगायचं. कानात पाणी आणि डोक्यावर रबरी टोपी असते, सौम्य आवाज पोहोचत नाही.

तीन: ओढून न्यायचं असेल तर तो नाकाला मिठी मारून पाय कवचाभोवती घेतो आणि चेहरा आपल्यासमोर राहतो. मागची मूठ धरायला दिली तर आपण वेगात जाऊ, पण त्याने कधी सोडलं ते कळणार नाही. हडसनचं पाणी गढूळ. हातभर खाली गेलेला माणूस दिसत नाही. म्हणून मागची मूठ बंद.

पेटका आलेला बहुतेक वेळा दोन मिनिटांत सावरतो आणि पुढे पोहतो. त्याला उगाच बाहेर काढू नये.

28 जून

जहाजं. या पात्रातून ऑल्बनीपर्यंत 32 फूट खोलीचा जहाजमार्ग ठेवलेला आहे आणि त्यातून तेलाचे बार्ज (सपाट मालवाहू तराफे) ढकलणाऱ्या टग बोटी चालतात. बार्ज थांबवून थांबत नाही, बाजूला होत नाही. बाजूला आपण व्हायचं. 10 नॉटचा वेग धरला तर 75 मिनिटांत तो 14 मैलांहून जास्त येतो. न्यूबर्गच्या उत्तरेला पकिप्सी आणि दक्षिणेला बेअर माउंटनचा पूल, दोन्ही सुमारे 15 मैल. तेव्हा नियम सरळ: या दोन टोकांच्या आत आपल्या दिशेने येणारं जहाज असेल तर पहिला गट पाण्यात उतरणार नाही. जहाजांच्या जागा दाखवणाऱ्या एआयएस नकाशावर बघायचं, पण भरवसा 13 नंबरच्या व्हीएचएफ (जहाजांच्या रेडिओच्या) चॅनलवर, कप्तानाच्या तोंडून. 9:15 आणि 9:40 ला मुख्य बोटीवरून 16 आणि 13 वर सावधगिरीची घोषणा.

तुकडीचं बोलणं 72 वर. रेडिओ 11, सगळ्यांना नाहीत. सरावात दोन रेडिओ ‘बंद’ निघाले. बंद नव्हते, छातीच्या खिशात अँटेना आडवी दुमडली होती आणि बटणावर जॅकेटचा पट्टा दाबून बसला होता. एका दाबलेल्या बटणाने सगळा चॅनल चार मिनिटं अडवला. आता रेडिओ खांद्याच्या पट्ट्यावर उभा, अँटेना डोक्याच्या वर.

रेडिओ नसणाऱ्यांसाठी आमच्यात ठरलेल्या खुणा: वल्हं डोक्यावर आडवं, सगळे थांबा. उभं आणि स्थिर, माझ्याकडे या. उभं आणि हलतं, मोटारबोट हवी.

5 जुलै

काठाची पाहणी. बीकनच्या बाजूला उथळ पाण्यात शिंगाड्याचे पट्टे. उपासाला आपण खातो त्याचाच हा भाऊ, फक्त आपल्याकडच्या फळाला सहसा दोन शिंगं असतात, इथल्याला चार, आणि टोकांना उलटे काटे. वाळलेली फळं किनाऱ्याला लागतात. कशीही पडली तरी एक शिंग वरच. स्लिपरच्या तळव्यातून आरपार जातं. बाहेर पडायच्या पट्ट्यावरून दाताळं फिरवून दीड बादली काढली. वर चटई अंथरायची.

डोळ्यांवर ऊन: सकाळी पूर्वेला पोहायचं म्हणजे सूर्य समोर. चकाकीत खुणेचा फुगा दिसत नाही, मग लोक दिसणाऱ्या सगळ्यात मोठ्या गोष्टीकडे, माउंट बीकनकडे, पोहत सुटतात. डोंगर आग्नेयेला आहे. त्याच्याकडे तोंड करून पोहणारा ओहोटीच्या उरलेल्या ओढीसह दक्षिणेला निघून जातो. सूचनेत घातलं: गडद काचेचा चष्मा, आणि डोंगराच्या डावीकडे.

12 जुलै

मोजणी. सगळ्यात कंटाळवाणं काम आणि बाकी सगळं याच्यावर उभं.

तीन याद्या: पाण्यात उतरलेले, बाहेर पडलेले, बोटीने काढलेले. पहिली वजा दुसरी वजा तिसरी बरोबर शून्य, तोवर एकही कायाक काठाला लागत नाही. रंगीत तालमीत दोन माणसं कमी भरली. एक जण बोटीने काढलेला होता. बोटीने त्याला जवळच्या दुसऱ्या धक्क्यावर उतरवलं, तो चालत गाडीकडे गेला. दुसरा हजर होता. दंडावरचा 61 उलट्या बाजूने 19 वाचला गेला.

बदल: आकडे तीन अंकी, 101 पासून, 6 आणि 9 खाली रेघ. मार्करने लिहिणं सनस्क्रीन लावण्याच्या आधी, शाई सुकायला पाच मिनिटं. तेलकट कातडीवर शाई धरतच नाही, पहिल्या शंभर हातांत निघून जाते. टोपीवरही तोच आकडा. बोटीने काढलेल्या माणसाची टोपी बोटीवरच ठेवून घ्यायची, आकडा रेडिओवर दोनदा, आणि उतरवायचं फक्त बीकनच्या चटईवर.

22 जुलै

पाण्याचा नमुना दिला. न्यूबर्गसारख्या जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारात. जोराचा पाऊस झाला की दोन्ही मिळून नदीत. एन्टेरोकॉकाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) 100 मिलिलिटरमागे 60 पेक्षा जास्त निघाले तर पोहायचं नाही. तपासणीला 24 तास लागतात, म्हणजे हा आकडा कालचा असतो. म्हणून त्याच्या जोडीला पाऊसमापकही बघायचा. तीन दिवसांत पाव इंचाहून जास्त पाऊस म्हणजे धोक्याची खूण.

रद्द करण्याच्या बाकी अटी: विजेचा कडकडाट (शेवटच्या आवाजानंतर 30 मिनिटं), समोरचा काठ न दिसणारं धुकं, सलग 15 नॉट वारा. वाऱ्यात दक्षिणेचा सगळ्यात वाईट. स्टॉर्म किंगच्या खिंडीतून तो चेपून येतो आणि दक्षिणेला वाहणाऱ्या ओहोटीवर आपटला की आखूड, उभ्या लाटा उठतात. तोच वारा भरतीसोबत असला तर पाणी बरंच सपाट.

24 जुलै

नमुना ठीक. पाऊस नाही. रेडिओ चार्जिंगला, झेंडे काठ्यांना टेपने बांधले.

25 जुलै

7:30 हजेरी, 38 कायाक. मोकळ्यांतले दोन कमी केले, रांगांना हात लावला नाही.
8:40 संत्र्यांची चाचणी: मध्यात दक्षिणेला पाऊण नॉटहून जास्त. अंदाजापेक्षा किंचित अधिक.
9:15 घोषणा. उत्तरेकडून एक टग, पकिप्सीच्या खाली. कप्तानाने वेळ सांगितली: 9:50 ला आपल्यासमोर. पहिला गट 9:45 वरून 9:57 ला ढकलला. टग गेल्यावरही त्याच्या लाटा काठाला लागून परत येतात, त्या बसेपर्यंत चार-पाच मिनिटं थांबावं लागलं.
9:57 पहिला गट उतरताना ठरलं: गट 10 ऐवजी 7 मिनिटांच्या अंतराने सोडायचे. बारा मिनिटं गमावली होती, ती मागच्या दोन गटांना भरतीच्या ओढीत महाग पडली असती.
10:31 मध्यात पाणी थांबलं.
10:40 उत्तरेच्या रांगेत 9 नंबरपाशी पेटका. नाक धरून दोन मिनिटं, मग पुढे.
10:52 शेपूट बीकनपासून 300 मीटरवर असताना काठाचं पाणी उत्तरेला जोरात. तिघं रेषेच्या बाहेर. चारही मोकळे कायाक मागून वळून उत्तरेला गेले. तिघांना पाण्याच्या विरुद्ध नाही, सरळ काठाकडे तोंड करून पोहायला लावलं. खुणेच्या 60 मीटर वर बाहेर काढून चालत चटईपर्यंत आणलं.
11:13 शेवटचा माणूस बाहेर.
11:21 वजाबाकी शून्य. कायाक मोकळे.

2 ऑगस्ट

दोऱ्या गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवल्या. दोन पट्ट्यांचे खटके वाळूने घट्ट, बदलायचे. 72 वर टगच्या वेळी एकाच वेळी चौघं बोलले, पुढच्या वेळी रांगेमागे एकच जण बोलेल.

बीकनची खूण 50 मीटर दक्षिणेला सरकवायची. पाणी फिरल्यावर पोचणाऱ्यांना तेवढी सवलत मिळते.

गळणारा कायाक पुन्हा गळतोय. भोक दुसऱ्या बाजूचं.